शरियतीची शिक्षा मागणारांस

कोठे एखादे अघोर कृत्य घडले आणि त्याची वार्ता पेठेत पसरली, म्हणजे आमच्याकडे एक उद्गार हटकून कानी पडतो. बारामतीच्या आडत दुकानी बसा, नाही तर इंदापुरास सोलापूर रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात बसा. "आपला कायदा पोकळ आहे, येथे अरबस्तानातल्यासारखे भर चौकात हातपाय तोडले पाहिजेत," असे कोणी तरी म्हणतो, आणि भोवतालची चार डोकी माना डोलवितात. हे म्हणणारे गृहस्थ बहुधा हिंदू असतात. इतर वेळी शरियत हा शब्द नुसता उच्चारला तरी त्यांच्या कपाळास आठी पडते. परंतु शिक्षेची गोष्ट निघाली की तीच शरियत त्यांस एकाएकी प्रिय होते. 2016 च्या जुलैत कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. कर्जत तालुका म्हणजे भिगवणहून भीमा ओलांडली की लागणारा मुलूख. त्यामुळे त्या दुःखाची झळ आमच्या दोन्ही तालुक्यांस घरच्यासारखी लागली. त्या वेळी श्री. राज ठाकरे यांनीही शरियतीसारखा कायदा हवा, अशा आशयाचे उद्गार काढले होते. लोकांचा संताप खरा होता आणि योग्यही होता, ह्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, जी वस्तू आपण मागत आहो ती काय आहे, हे मागणारांपैकी किती जणांस ठाऊक आहे?

मुसलमानी धर्मशास्त्रात गुन्ह्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग केलेले आहेत. पहिला हद्दचा. चोरी, वाटमारी, व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आळ, मद्यपान असे काही मोजके गुन्हे ह्यात पडतात व त्यांची शिक्षा ठरून गेलेली असते. दुसरा किसासचा, ह्यात खून व शरीरास इजा हे गुन्हे येतात, आणि जिवास जीव किंवा त्याऐवजी रक्ताचे मोल, ज्यास दिया म्हणतात ते, घेण्याचा अधिकार मृताच्या वारसांस असतो. ह्या दोहोंत न बसणारे सारे गुन्हे तिसऱ्या वर्गात पडतात. त्यांची शिक्षा न्यायाधीशाच्या विचारावर सोपविलेली असून तिला ताजीर म्हणतात. 1860 च्या पिनल कोडास उर्दूत ताजिरात-इ-हिंद हे नाव मिळाले ते ह्याच शब्दावरून. पहिल्या वर्गाचे नाव तर आपल्या रोजच्या बोलण्यातले आहे. शेताची हद्द, गावाची हद्द, हद्दपारी, हे शब्द आपण ज्या अरबी शब्दावरून घेतले तोच हा हद्द. त्याचा मूळ अर्थ मर्यादा. मनुष्याने ओलांडू नये ती मर्यादा, हा अर्थ सर्वांस सुचतो; पण शास्त्रकारांनी शिक्षा देणाऱ्याच्या हातासही त्याच शब्दाने मर्यादा घातली, इकडे कोणाचे लक्ष जात नाही.

चोरीचेच उदाहरण घेऊ, कारण आमच्या व्यापारी वाचकांस तेच सर्वांत जवळचे. चोराचा हात तोडावा हे सर्वांनी ऐकलेले असते. परंतु केव्हा तोडावा? हनफी मताप्रमाणे चोरीचा माल निदान दहा दिरहमांचा, म्हणजे आजच्या वजनाने सुमारे अडीच तोळे चांदीच्या किमतीचा, असला पाहिजे. तो कडीकुलुपात अथवा राखणीत ठेवलेला असला पाहिजे. दिवसा, गिऱ्हाइकांस येण्याजाण्याची मोकळीक असताना, दुकानातून कोणी माल लांबविला तर हात तोडता येत नाही, कारण तुम्हीच त्याला आत घेतलेले असते. झाडावरचे फळ, दूध, मांस असा नासणारा जिन्नस चोरल्यासही ही शिक्षा नाही. तेव्हा इंदापूरच्या डाळिंबाच्या बागेत रात्री शिरणाऱ्याचा हात काझीच्या हातूनही शाबूतच राहील. भागीदाराने भागीदारीच्या मालास हात घातला तर हद्द लागू होत नाही, आणि विश्वासाने सोपविलेली ठेव ज्याने गिळंकृत केली त्यासही ती लागू होत नाही. ह्या शेवटच्या कलमाकडे आमच्या वाचकांनी जरा लक्ष द्यावे. आमच्या भागात कुलूप फोडून गेलेल्या पैशापेक्षा पतपेढ्यांतून आणि भिशीतून गेलेला पैसा काही थोडाथोडका नसेल. आणि तो नेणाऱ्या चेअरमन महाशयांचे एक बोटही ह्या कडक म्हणून वाखाणलेल्या कायद्याने तुटले नसते. काझीला त्यांस ताजीर म्हणून फटके मारता आले असते किंवा कैदेत घालता आले असते, इतकेच.

ह्याउपर आणखी एक गोष्ट आहे. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या कारकीर्दीत, इसवी सन 639 च्या सुमारास, अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. त्या वर्षी त्यांनी चोरीबद्दल हात तोडण्याची शिक्षा तहकूब ठेविली, असे मुसलमानी ग्रंथकार सांगतात. उपाशी मनुष्याने भाकरी चोरली तर दोष कोणाचा, हा प्रश्न त्या राज्यकर्त्यास पडला. 1876-77 चा आणि 1972 चा दुष्काळ ज्या प्रांताने भोगला, त्या कऱ्हा-नीरेकाठच्या लोकांस ह्या गोष्टीचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको. शिवाय शास्त्रकारांचा एक सर्वमान्य दंडक असा की, पुराव्यात शंका उत्पन्न झाली तर हद्दची शिक्षा टाळावी. आणि हद्दच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपीने दिलेली कबुली शिक्षा होईपर्यंत केव्हाही परत घेतली तरी ती ग्राह्य मानू नये. आज आरोपीस संशयाचा फायदा मिळून तो सुटला की, "हा कसला कायदा!" म्हणून ओरडणारे लोक ज्या शरियतीचा दाखला देतात तिचेही म्हणणे हेच आहे, आणि ते अधिक आग्रहाने मांडलेले आहे.

आता ज्या गुन्ह्यासाठी ही मागणी होते त्या गुन्ह्याकडे वळू. स्त्रीवरील अत्याचाराबद्दल सौदीसारखी शिक्षा हवी, असे म्हणतात. जुन्या फिकहशास्त्रात व्यभिचार हद्दखाली शाबीत होण्यास चार प्रौढ, सदाचारी पुरुषांनी प्रत्यक्ष कृत्य पाहिल्याची साक्ष लागते. ह्या बाबतीत स्त्रियांची साक्ष चालत नाही. आणि आळ शाबीत न झाल्यास आळ घेणाऱ्यासच ऐंशी फटके बसतात. कोणाच्या चारित्र्यावर बाजारात शिंतोडे उडू नयेत हा ह्या कडक पुराव्याचा मूळ हेतु होता, आणि तो वाईट नव्हता. जबरदस्तीस बळी पडलेल्या स्त्रीस दोषी धरू नये हेही शास्त्रकारांनी सांगितलेले आहे, व काहींनी बलात्कारास वाटमारीच्या सदरात घालून कडक शिक्षा देण्याचा मार्गही दाखविला आहे. परंतु जेव्हा एका आधुनिक सरकारने हा जुना साचा जसाच्या तसा उचलला, तेव्हा काय झाले? पाकिस्तानात 1979 मध्ये जनरल झिया यांनी हुदूदचे वटहुकूम काढले. अत्याचाराची फिर्याद घेऊन आलेल्या स्त्रीस चार साक्षीदार आणता येईनात, आणि तिला राहिलेले दिवस हाच तिच्या व्यभिचाराचा पुरावा ठरू लागला. 1983 मध्ये एका अंध मुलीस अशा रीतीने फटक्यांची व कैदेची शिक्षा झाली. देशभर आरडाओरड झाली तेव्हा वरच्या कोर्टाने ती रद्द केली. पुरे सत्तावीस वर्षे हा प्रकार चालला, आणि पाकिस्तानातील स्त्रियांनीच झगडून 2006 मध्ये बलात्काराचा गुन्हा ह्या वटहुकुमांतून बाहेर काढविला. आमच्याकडील जे लोक आपल्या लेकीबाळींच्या रक्षणासाठी शरियत मागतात, त्यांनी ही सत्तावीस वर्षे एकदा डोळ्यांपुढे आणावी.

खुनाच्या बाबतीत तर अडचण ह्याहून मोठी आहे. वारसांनी क्षमा केली की खुनी सुटला, ह्यात करुणेचा एक मोठा अंश आहे हे आम्ही नाकारीत नाही. सूडाचे सूड पिढ्यान्‌पिढ्या चालविणाऱ्या अरबी टोळ्यांत ह्या नियमाने पुष्कळ रक्तपात वाचविला असेल. पण जेथे मारणारा श्रीमंत आणि मेलेला दरिद्री, किंवा मारणारा बाप आणि मेलेली मुलगी, तेथे ही क्षमा कोणाची आणि कोणाला? पाकिस्तानात 1990 पासून किसास व दियाचा कायदा अंमलात आला, तेव्हा अब्रूच्या नावाखाली बहिणीचा खून करणाऱ्या भावास आईबापच क्षमा करू लागले. 2016 मध्ये ही पळवाट बुजविण्यासाठी निराळा कायदा करावा लागला. बंगाल्यात लॉर्ड कॉर्नवालिस याने वारसांचा हा अधिकार 1790 पासूनच आवळीत आणला आणि पुढच्याच वर्षी अवयव तोडण्याऐवजी कैद ठरविली: एका अवयवाऐवजी सात वर्षे, दोन अवयवांऐवजी चौदा. खून हे वारसांचे वैयक्तिक येणे नव्हे, तो सर्व समाजाचा अपराध आहे, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. मात्र ते मान्य करून दीडशेहून अधिक वर्षे झाली तरी आमच्या खेड्यापाड्यांतून मिटवामिटवी म्हणून जे चालते ते दिया नव्हे तर दुसरे काय? फिर्यादीच्या घरी बैठक बसते, गावचा कारभारी मध्ये पडतो, आकडा ठरतो, आणि तारखेच्या दिवशी साक्षीदारास काहीच आठवत नाही. काझीच्या दियेला निदान कायद्याची नोंद आणि वारसाची उघड संमती लागे.

हे सारे परके आहे, आमच्या मातीशी ह्याचा संबंध नाही, असे मात्र कोणी समजू नये. इंदापूर आणि सुपे हे परगणे निजामशाही व आदिलशाहीच्या अंमलात होते. मालोजीराजे भोसले इंदापुरासच लढाईत पडले असे सांगतात. आणि पुढे हे दोन्ही परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळी परगण्याचा न्याय जी मजालस करी तिच्यात काझी असे, हवालदार असे, देशमुख-देशपांडे असत, आणि पेठेचे शेटे व महाजन, म्हणजे आमच्या आजच्या व्यापारी वाचकांचे पूर्वजही, असत. महजरांवर सर्वांच्या निशाण्या शेजारी शेजारी पडत. फिर्याद, जामीन, कैद, इन्साफ, वकील, गुन्हा हे शब्द आपल्या तोंडी बसले ते तेव्हापासून. हिंदू व मुसलमान न्याय ह्या दोन बंद कोठड्या होत्या, अशी जी कल्पना हल्ली शिकविली जाते, ती त्या कागदांवरून तरी खरी ठरत नाही.

ह्याच मुलुखातील एक निवाडा हातपाय तोडा म्हणणारे नेहमी पुढे करितात. 1646 मध्ये, शिवाजीमहाराज जेमतेम सोळा वर्षांचे असताना, खेडबाऱ्याजवळील रांझे गावच्या पाटलाचे हातपाय त्यांनी तोडविले. त्याचा अपराध बदअमल, म्हणजे स्त्रीशी गैरवर्तन, हा होता. पत्र उपलब्ध आहे व प्रसिद्ध आहे. पण ते पुरे वाचण्याचे श्रम फार थोडे घेतात. पाटलास आधी धरून आणले, चौकशी केली, आरोप खरा ठरला, मग शिक्षा झाली. आणि शिक्षा झाल्यावर त्या पांगळ्या मनुष्याच्या पालनपोषणाची सोय त्याच्या गोतातील एकाकडे लावून देऊन पाटीलकी त्या पालनकर्त्याकडे सोपविली. तीनशे पाऊणशे वर्षांनंतर हा निवाडा लोकांच्या आठवणीत कशामुळे राहिला? हातपाय तोडण्याची शिक्षा त्या काळी नवलाची नव्हती. ती दिल्लीस, विजापुरास, सर्वत्र चाले. नवल हे की, ती गावच्या पाटलास झाली. ज्याच्याविरुद्ध गावात कोणी तोंड उघडू धजत नाही, त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकून घेतली गेली आणि ती तडीस गेली. आज आमच्याकडे असा पाटील कोण, आणि त्याच्याविरुद्धची फिर्याद ठाण्यावर कशी लिहून घेतली जाते, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

उत्तर पेशवाईत पुण्यास काय चाले, हेही ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ब्राह्मणास सहसा देहदंड नाही, त्यास किल्ल्यावर कैद. इतरांस प्रसंगी हत्तीच्या पायी. असा जातवार न्याय होता. 1791 मध्ये घाशीराम कोतवालास तर कोणत्याही काझीच्या अथवा शास्त्र्याच्या निवाड्यावाचून, जमावाच्या हवाली होऊन, पुण्याच्या रस्त्यांत दगडांनी प्राण गमवावा लागला. दगडांनी मारणे ही केवळ अरबी कल्पना आहे असे मानणारांनी हे ध्यानात धरावे. पुढे आमच्या इलाख्यात एल्फिन्स्टनच्या 1827 च्या चौदाव्या रेग्युलेशनाने फौजदारी गुन्ह्यांपुरता शरियत व धर्मशास्त्र या दोहोंचा अंमल संपविला, आणि 1862 च्या जानेवारीपासून पिनल कोड सर्व हिंदुस्थानभर आले. 1937 च्या शरियत कायद्यात विवाह, वारसा आदि खासगी बाबी आहेत, शिक्षेचा एक शब्द नाही; आणि 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केले की, फतव्यास कायद्याचे बळ नाही. तेव्हा "त्यांच्यासाठी वेगळा फौजदारी कायदा आहे" हा जो एक गैरसमज अधूनमधून पसरविला जातो, त्याला काडीचाही आधार नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तीही सर्वांस सारखीच लागू आहे.

आता कडकपणाने गुन्हे थांबतात काय, ह्या मुद्द्यास येऊ. इंग्लंडात 1699 च्या एका कायद्याने दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरणारास फाशी होती. परिणाम काय झाला? ज्यूरीत बसलेली माणसे, त्यांतली कित्येक स्वतः दुकानदार, चोरीच्या मालाची किंमत शपथेवर पाच शिलिंगांखाली दाखवू लागली, कारण एका कापडाच्या तुकड्यापायी मनुष्य लटकवावा हे त्यांच्या मनास पटेना. खोट्या दस्तऐवजास फाशी असल्यामुळे ज्यूरी आरोपीस दोषीच ठरवीना. तेव्हा 1830 मध्ये शेकडो पेढीवाल्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केला की, ही फाशी काढा, तिच्यामुळे आमच्या मालमत्तेचे रक्षण होत नाही. ज्यांची रक्कम बुडत होती त्यांचाच हा अर्ज होता, कोणा साधुपुरुषाचा नव्हता. शिक्षा जितकी भयंकर तितका पुरावा अधिक कडक मागितला जाणार, साक्षीदार तितका कचरणार आणि आरोपीचा नातेवाईक तक्रार दाबण्यासाठी तितकाच जिवावर उदार होणार. स्त्रियांवरील अत्याचारांत आरोपी पुष्कळदा घरचा अथवा ओळखीचा असतो, हे ज्यास माहीत आहे त्यास फाशीचे नाव ऐकून मुलीच्या आईचे तोंड का बंद होते हे समजेल.

हे सर्व बाजूस ठेवून लोक आता कायद्याचीच वाट न पाहण्यात समाधान मानू लागले आहेत, ह्याचे आम्हांस अधिक भय वाटते. 2019 च्या डिसेंबरात हैदराबादेजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हा फुले उधळली गेली. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या आयोगाने सांगितले की, त्यांना मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या होत्या. 2024 च्या सप्टेंबरात बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला तेव्हाही आनंद साजरा झाला. ह्यातला एकही प्रकार शरियतीत बसत नाही. काझीसमोर आरोपी उभा राहिल्यावाचून आणि साक्षीदाराचा सच्चेपणा तपासल्यावाचून हद्द देता येत नाही, हे वर आलेच आहे. म्हणजे आम्ही शरियतीचे नाव घेऊन शरियतीच्याही खाली उतरलो.

कोपर्डीचा खटला एका अर्थी बरा चालला: सोळा महिन्यांत, 2017 च्या नोव्हेंबरात, तिघांस फाशी सुनावली गेली. पण ती कायम होण्याचा निकाल लागण्यापूर्वीच, 2023 च्या सप्टेंबरात, मुख्य आरोपी येरवड्याच्या तुरुंगात गळफास लागलेल्या स्थितीत आढळला. सहा वर्षे त्या मुलीच्या आईबापांनी कशाची वाट पाहिली? 2021 च्या डिसेंबरात विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेले शक्ति विधेयक मोठ्या गाजावाजाने संमत केले, व ते राष्ट्रपतींच्या संमतीवाचून अडकून पडले. तेवढ्या वेळात हायकोर्टातील रिकाम्या जागांविषयी जितकी आरडाओरड व्हावयास हवी होती तितकी झाली नाही, कारण रिकाम्या खुर्चीविरुद्ध मोर्चा निघत नाही.

आमच्या मुसलमान बांधवांपैकी काहींस ह्या मागणीत आपल्या धर्माची तारीफ झाल्यासारखे वाटते. त्यांनी ती स्वीकारू नये. स्तुती करणाऱ्याने कुऱ्हाड तेवढी पाहिली आहे. शंकेचा फायदा, दुष्काळातली माफी, साक्षीदाराची पारख ह्यांतले काहीच पाहिलेले नाही. आणि साक्षीत, दियेच्या रकमेत स्त्रीपुरुषांत जुन्या शास्त्राने केलेला भेद आज समर्थनीय नाही, हे त्यांनीच उघड म्हणावे, जसे मनुस्मृतीतील जातवार दंडाविषयी आम्ही म्हणतो.

राहिली आमच्या पेठेची गोष्ट. नव्या कायद्याने झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाले, आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत शास्त्रीय तपासणीच्या पथकाने जागेवर येण्याचे ठरले. तरी पंच लागतातच. पोलीस पंच मागावयास आले की दुकानाचे शटर अर्धे खाली येते, शेठजी बाहेरगावी गेलेले असतात, आणि गुमास्ता म्हणतो, मला काही दिसले नाही. मग रोजचे ठरलेले दोन-चार पंच आणले जातात, उलटतपासणीत वकील त्यांचा फज्जा उडवितो, आणि आरोपी सुटला म्हणून त्याच दुकानात हातपाय तोडण्याची चर्चा चालते. हे अगदी खरे की, तारखेच्या दिवशी बारामतीच्या सत्र न्यायालयात सकाळपासून बसून राहावे लागते, धंदा बुडतो, भत्ता नावाला मिळतो, आणि चार वाजता पुढची तारीख पडते. ह्यावर उपाय आहे. व्यापाऱ्यांच्या संघांनी आपसात पाळी लावून पंच म्हणून उभे राहणाऱ्या सभासदांची यादी ठाण्यावर द्यावी, ज्याची तारीख असेल त्याच्या दुकानी त्या दिवशी शेजाऱ्याने माणूस बसवावा, आणि साक्षीसाठी येणारांस बसण्यास जागा, पिण्यास पाणी व निश्चित वेळ मिळावी म्हणून वकील मंडळाच्या सहीने जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करावा. तसा अर्ज बारामती व इंदापूर ह्या दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी गेला तर त्याची दखल घेणे भाग पडेल.